पुन्हा काढा म्हणून

पेटीचा भाता दुरुस्त करायला मी भिंगारच्या एका वाद्यांच्या दुकानात गेलो होतो. बाकावर साठीचे एक गृहस्थ मांडीवर जुनी बेस गिटार घेऊन बसले होते. बेलापूरहून दोन एसट्या बदलून आले होते. तीस वर्षं ऑर्केस्ट्रात वाजवलं, म्हणाले.

"दांडी वाकलीय, सरळ होणार नाही. नवी घ्या," दुकानदार म्हणाला.

"नवी लई हलकी हाय. गळ्यात घातली की उसनी वाटती."

कंपनीनं हे मॉडेल कधीच बंद केलं होतं. ते पुन्हा काढा म्हणून देशोदेशीचे वादक मेल करत, दरवर्षी हेही करत. "विचार चालू आहे," एवढंच उत्तर येई. यंदाचा मेल त्यांनी मला इंग्रजीत लिहून द्यायला सांगितला. मोबाईल परत देताना त्यांची बोटं दिसली. सांधे सुजून वाकडे झाले होते.

"आता काढली तरी तुम्हाला वाजवता येईल?" मी नको ते विचारून बसलो.

"न्हाई येनार," ते म्हणाले. "पन कुनीतरी वाजवंल. आवाज तर ऐकाया मिळंल."

अंगठ्यानं त्यांनी मेल पाठवला. गिटार खोळीत घालायला त्यांना फार वेळ लागला. चेन ओढून द्यायला मी हात पुढे केला, तेव्हा त्यांनी मानेनंच नको म्हटलं.