केरसुणी नसलेलं घर

आमच्या रेडीत लाल रंग विकत घ्यावा लागत नाही. खाणीचे ट्रक बंदराकडे धावतात आणि जाता जाता रस्त्याकडेची घरं फुकटात रंगवून जातात. पांढरं मांजर आमच्याकडे फार तर दोन दिवस पांढरं राहतं. माझ्या शेजारच्या कावेरीकाकी या रंगाशी छत्तीस वर्षं भांडल्या. दिवसातून तीनदा केर काढायच्या, आणि तिसरा केर भरेपर्यंत पहिल्या केराची जागा पुन्हा लाल झालेली असायची.

त्यांचे यजमान दत्तारामतात्या एसटीच्या डेपोत खिडक्या बसवायचे. एसटीच्या खिडक्या किती घट्ट लागतात हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांनी इथेच हसून घ्यावं. तात्यांना मात्र आपल्या हातच्या कामाचा भारी अभिमान. नोकरीभर ते या डेपोतून त्या डेपोत फिरले आणि काकी उंबऱ्याशी वाकलेल्याच राहिल्या, ही गोष्ट त्यांच्या मनाला लागून होती. म्हणून चौऱ्याऐंशी साली निवृत्त झाल्या झाल्या त्यांनी एक जुनी जीप घेतली आणि सगळा जिल्हा बायकोला दाखवणार असं जाहीर करून टाकलं.

काकी म्हणाल्या, "माझी एकच अट आसा. जेका केरसुणी लागणा नाय, असा घर दाखवा. मगे खंयय येतंय."

दुसरा कोणी गप्प बसला असता. तात्यांनी घरच बांधायला घेतलं, तेही चाकांवर, जीपच्या मागे ओढायचं. लोखंडी सांगाडा, त्यावर प्लायवूड आणि पत्रा. आत झोपता येईल असा बाक, कोपऱ्यात स्टोव्ह, देवासाठी एक फळी. पुढच्या भिंतीत अगदी वर, छपराखाली, हातभर रुंदीची खिडकी. बघायला अख्खा गाव लोटला. कुणी त्याला फिरतं पोस्ट म्हणालं, कुणी देवाची पालखी. तात्या सगळ्यांना चहा पाजत होते.

पहिली खेप शिरोड्यापर्यंत. काकींनी बाकावर नीळ घातलेली पांढरी चादर अंथरून दिली आणि स्वतः घरी राहिल्या. मी तात्यांच्या शेजारी जीपमध्ये, कारण कुणी हाक मारली की मला नाही म्हणता येत नाही. परत आलो, दार उघडलं, तर चादर गेरूने सारवल्यासारखी. काकींनी तिच्यावर बोटाने ठसठशीत 'श्री' लिहून दाखवला.

तात्या पेटले. दाराला रबराची दुहेरी पट्टी लावली, होडीच्या फटी बुजवतात तसा फटीफटीत कापूस आणि राळ ठासली. पुढची खिडकीसुद्धा राळ लावून बंद केली. आता मुंगीलाही आत शिरायची सोय नव्हती. दुसऱ्या खेपेला चादर पहिल्यापेक्षा लाल निघाली. गावाच्या वेशीवर तात्यांनी गाडी थांबवली आणि मला शपथ घालून ती चादर झटकली. पण घाईत उलटी अंथरली. कोपऱ्यातली वेलबुट्टी खाली गेलेली काकींना उंबऱ्यातूनच दिसली.

"तिसऱ्या खेपेक मी सोता आत बसतलंय," त्या शांतपणे म्हणाल्या. "आनी तेव्हा धूळ दिसली तर ह्या खोक्यात कोंबडी पाळतलंय. मगे माका फिरूक जावचाच नाय."

तात्या दोन दिवस धड जेवले नाहीत. "मिया तिका आयुष्यात खंयच फिरवूक नाय रे," ते मला म्हणाले. मला त्यांची दया आली. हसूही येत होतं, ते मी गिळलं.

तिसरी खेप दोडामार्गाची. काकींची बहीण राधाबाई तिथे राहायच्या, काजूच्या बागेत. अर्धा रस्ता नुसती माती. काकी आत बसल्या, तात्यांनी दार लावलं आणि आम्ही निघालो. पुढे दोन ट्रक लागले. तात्यांनी प्रत्येक खड्ड्याला गणपतीला एकेक नारळ बोलायला सुरुवात केली, आणि अकरा नारळ झाल्यावर मीच त्यांना आवरलं. जीपचं टप फाटकं होतं. पोचलो तेव्हा आमच्या दोघांचे फक्त डोळे तेवढे ओळखू येत होते.

तात्या दाराकडे धावले. दार आतूनच उघडलं.

"भायर थांबा. तुमच्या अंगाची धूळ हय चलणा नाय," काकी म्हणाल्या आणि त्यांनी चादर दारात धरली.

चादर पांढरीशुभ्र होती. तात्या तिच्याकडे बघत राहिले, मग वर बघितलं. पुढची खिडकी सताड उघडी होती. तिच्यावर ओला पंचा बांधलेला, विटेसारखा लाल झालेला.

"जीव घुसमाटलो, म्हणान कालथ्यान राळ काढून खिडकी उघडलंय," काकी म्हणाल्या. "पुढला दार उघडल्याशिवाय चुलीचो धूर मागल्या दारान भायर जायत कसो? ह्या तुमका डेपोत कोणी शिकवक नाय?"

झालं होतं ते इतकंच. सगळं बंद केलं की धावतं खोकं मागच्या प्रत्येक बारीक फटीतून धुरळा आत ओढून घ्यायचं. पुढून, उंचावरून गाळलेला वारा आत शिरला, की तो आतून बाहेर रेटा देतो, आणि धूळ बाहेरच राहते. तात्यांच्या सहा महिन्यांच्या मेहनतीवर काकींनी कालथ्याने पाणी फिरवलं होतं. तात्यांना त्याचं काडीचंही वाईट वाटलं नाही. ते हसत होते आणि रडत होते, लाल गालांवर दोन ओघळ उतरले होते. मलाही भरून आलं, आणि मी ते धुळीवर ढकललं.

तेवढ्यात राधाबाई बाहेर आल्या. काकी आत वळल्या, बाकाखाली वाकल्या आणि गुंडाळलेल्या लुगड्यातून एक केरसुणी काढली. कोरी करकरीत. नवऱ्यावर विश्वास नव्हता म्हणून लपवून आणलेली. ती त्यांनी बहिणीच्या हातात ठेवली.

"ही तुका ऱ्हवांदे गो. माका आता नको."

मग पायरीवर, तात्यांच्या लाल झालेल्या खांद्याला खांदा लावून त्या बसल्या आणि त्यांना विचारलं, "ओ, उद्या खंय जावया?"