अटकलेला दुपट्टा

एका दुपट्ट्यापायी मी घरात कम्प्युटर आणला.

मी घुग्घुसला ट्रकच्या टायरचं दुकान चालवतो. सायकलच्या पंक्चरपासून सुरुवात केली, आज माझ्याकडे दोन कॉम्प्रेसर आहेत. सांगायचं कारण एवढंच, की जो माणूस कुणाच्या मेहरबानीने वर आलेला नसतो, त्याला कुणी खोटं म्हटलेलं सहन होत नाही. आणि मला वर्षभर खोटं म्हणत होते राजुऱ्याचे गुरुजी.

गुरुजी म्हणजे माझ्या मुलीच्या, प्रणालीच्या सासऱ्यांचे थोरले भाऊ. रिटायर मास्तर. आमच्याकडे व्याह्याला इवाई म्हणतात आणि लग्नात प्रत्येक इवायाच्या खांद्यावर मुलीच्या बापाने दुपट्टा टाकायचा असतो. गुरुजींचं म्हणणं, सगळ्यांना दुपट्टा मिळाला, फक्त घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला मिळाला नाही. माझं म्हणणं, मी स्वतःच्या हाताने टाकला. मला तो क्षण आठवतो. शिवाय हिशेब साधा होता. एकवीस इवाई होते, मी एकवीस दुपट्टे आणले होते आणि संध्याकाळी पिशवीत एकही उरला नव्हता. मग गुरुजींचा दुपट्टा काय हवेत गेला? (गुरुजी त्या दिवशी जेवले मात्र पोटभर. जिलबी दोनदा मागून घेतली. हे मी उगाच सांगत नाही, नोंद असावी म्हणून सांगतो.)

एरवी मी हे भांडण आणखी दहा वर्षं आनंदाने चालवलं असतं. पण प्रणाली बाळंतपणाला माहेरी आली, नातू झाला आणि बारशाचा दिवस ठरला. तेव्हा तिने एका वाक्यात माझी हवा काढली.

"बाबा, मोठे बाबाजी आले नाई तर बारसं होनार नाई. त्यायनंच वाढवलं तुमच्या जावयाले."

गुरुजींना निरोप गेला. उत्तर आलं, मान झाला नाही त्या घराच्या उंबऱ्याच्या आत मी पाय ठेवत नाही.

तेव्हा मला लग्नाची शूटिंग आठवली. कॅमेरावाल्याशी मी घासाघीस केली होती की कापाकापी करायची नाही. जेवढं काढलं तेवढं सगळं मला पाहिजे, निम्मं फेकून द्यायला मी कॅमेरा लावलेला नाही. तो बिचारा म्हणाला होता, भाऊ, कापल्यावरच चांगलं दिसतं. मी ऐकलं नाही. त्यामुळे माझ्याकडे लग्नाचा अख्खा दिवस होता, एकदम भारी क्वालिटीत, एका पेन ड्राइव्हमध्ये. तो पेन ड्राइव्ह वर्षभर देवघरात होता.

तो टीव्हीला लावला. टीव्ही चार पावलं चालायचा आणि दम लागल्यासारखा थांबायचा. तरी आम्ही दुपट्ट्यापर्यंत पोचलो. पडद्यावर गुरुजी उभे, त्यांच्यासमोर मी, दोन्ही हातांत दुपट्टा वर उचललेला. आणि तिथेच चित्र गोठलं. मग एकदम उडी मारून पंगतीवर गेलं.

मला तेवढं पुरेसं होतं. मी त्या गोठलेल्या चित्राचा फोटो काढून राजुऱ्याला पाठवला. खाली लिहिलं, "पाहा."

मास्तर तो मास्तर. उलट टपाली उत्तर आलं: "दुपट्टा आपल्या हातात दिसतो, माझ्या खांद्यावर नाही. पुरावा चालता दाखवा."

माझं डोकं फिरलं. शालू, म्हणजे माझी बायको, म्हणाली, "एक नवा दुपट्टा घ्या आन् राजुऱ्याले जाऊन टाकून या. अर्ध्या दिवसाचं काम हाय."

"म्हनजे मी चुकलो असं होते ना?"

"मंग काय झालं?"

मग काय झालं! ज्या बाईने तीस वर्षं माझ्याबरोबर काढली, ती हा प्रश्न विचारते.

टीव्हीला कम्प्युटर जोडला की व्हिडिओ लोण्यासारखा चालतो, असं मला दुकानावर एका ड्रायव्हरने सांगितलं. मी चंद्रपूरला गेलो आणि जुन्या मालाच्या दुकानात दोन तास उभा राहून एक कम्प्युटर अशा भावात उचलला की दुकानदाराने निघताना मला चहासुद्धा विचारला नाही. वर कीबोर्ड, माउस आणि एक गणेशाचं कॅलेंडर फुकट घेतलं. प्रणालीने डबा पाहूनच विचारलं, बाबा, याच्यात ग्राफिक कार्ड आहे ना? मी म्हणालो, तू बाळंतीण आहेस, आराम कर.

लावला. आता नवीनच तऱ्हा. आवाज पुढे, चित्र मागे. भटजींनी अक्षता टाकायला सांगितल्या, लोकांनी त्या बऱ्याच वेळाने टाकल्या. नवरदेव एकेका हिसक्याने चालत होता, जणू त्याला कुणी मागून ढकलत आणलं असावं. दहा मिनिटांत डबा तापला आणि विमानासारखा आवाज करून बंद पडला.

मी व्हरांड्यात नेऊन त्याचं झाकण उघडलं. आत कम्प्युटर दिसतच नव्हता. कोळसा होता. तो डबा आमच्याच भागातल्या एखाद्या कोळसा खाणीच्या वजनकाट्यावर नोकरी करून चंद्रपूरला विकायला गेला होता आणि मी त्याला परत गावी घेऊन आलो होतो.

धूळ साफ करणं हा तर माझा धंदा. दुकानातला छोटा कॉम्प्रेसर आणला आणि ट्रकच्या टायरला देतो तेवढी हवा दिली. डब्यातली सगळी धूळ एका फटक्यात बाहेर आली. डब्यातला पंखाही आला. तो उडून तुळशीपाशी पडला. धूळ मात्र जमिनीवर पडली नाही, ती थेट दोरीकडे गेली. दोरीवर नातवाचे सव्वीस लंगोट वाळत होते.

शालू बाहेर आली. तिने दोरी पाहिली, मला पाहिलं. माझं तोंडही त्याच रंगाचं झालं होतं.

"तुमी आता आतमंदी येऊ नोका," ती शांतपणे म्हणाली. "गुरुजीसारखे बाहेरच बसा."

पंखा गेला म्हणून मी हार मानली नाही. हॉलमध्ये डब्याचं झाकण काढून ठेवलं आणि समोर आमचा लोखंडी कूलर लावला. गार हवा थेट पोटात! कूलरमध्ये पाणी भरलेलं आहे, हे मला कम्प्युटरवर पहिला शिंतोडा उडाल्यावर कळलं.

शेवटी प्रणालीने नातू माझ्या मांडीवर दिला आणि माउस स्वतःच्या हातात घेतला. "तुमी याले धरा. कायलेच हात लावू नोका."

तिने नवा पंखा मागवला, ग्राफिक कार्ड मागवलं (सांगितलेल्या भावात, मला फोनवर बोलूही दिलं नाही), पेन ड्राइव्हमधलं लग्न कम्प्युटरच्या पोटात उतरवून घेतलं. तरी थोडा हिसका बसतच होता. ती म्हणाली, व्हिडिओत सेकंदाला पंचवीस चित्रं आहेत आणि टीव्ही साठच्या चालीने दाखवतो, दोघांची पावलं जुळत नाहीत. तिने कुठेतरी साठाचे पन्नास केले. आणि नवरदेव माणसासारखा चालायला लागला. अक्षता वेळेवर पडल्या. पाण्यासारखं वाहत होतं सगळं. मी तिला म्हणालो, पुढचं पाहू नको, गुरुजींच्या समोरच पाहू. मला त्यांचा चेहरा पाहायचा होता.

रविवारी सकाळी गुरुजी आले. बोलल्याप्रमाणे उंबऱ्याच्या बाहेरच थांबले. आम्ही व्हरांड्यात खुर्ची टाकली आणि टीव्हीचं तोंड दाराकडे फिरवलं. शालूने दिलेलं पाणीही त्यांनी घेतलं नाही.

"चालवा," गुरुजी म्हणाले.

चाललं. पडद्यावर गुरुजी उभे, समोर मी, हात वर, हातांत दुपट्टा. मी गुरुजींकडे वळलो. "आता पाहा."

इतके दिवस जिथे अटकत होतं तिथे आता अजिबात अटकलं नाही. पडद्यावर माझ्या मागून मंडप-खुर्च्या पुरवणारा बिछायतवाला आला आणि म्हणाला, "भाऊ, पन्नास खुर्च्या जास्तीच्या लागल्या." पडद्यावरचा मी दुपट्टा हातात तसाच धरून गर्रकन वळलो. गुरुजींनी मान वाकवली होती, ती वाकलेलीच राहिली. आणि मग माझा आवाज, कुठेही न फाटता, स्वच्छ ऐकू आला:

"जास्तीच्या खुर्च्याचे पैसे मांगाचे नाई. हे घे, इवायाचा मान देऊन राह्यलो तुले. आता तू घरचा मानूस झाला. घरच्या मानसानं पैसे मांगाचे असते का?"

आणि मी तो एकविसावा दुपट्टा बिछायतवाल्याच्या खांद्यावर टाकला. त्याने हात जोडले. मी जिंकलेल्या चेहऱ्याने पुढे निघून गेलो. मागे गुरुजींनी हळूच मान सरळ केली, इकडेतिकडे पाहिलं आणि स्वतःचाच रुमाल काढून खांद्यावर नीट ठेवला.

मी टीव्हीचा रिमोट शोधायला लागलो.

"पोरी," गुरुजी म्हणाले, "मागं घे जरा."

प्रणालीने मागे घेतलं. पुन्हा चाललं. तिसऱ्यांदा गुरुजींचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतात. ते हसत होते. हसता हसता उठले, चप्पल काढली, उंबरा ओलांडून आत आले आणि थेट टीव्हीसमोरच्या सोफ्यावर बसले. "बाहेरून नीट दिसत नाई. आजून एकदा लाव."

मी आत जाऊन कपाट उघडलं. घरात दुपट्टा असायचं काही कारण नव्हतं, पण वरच्याच कप्प्यात एक कोरा घडी घालून ठेवला होता. शालूने मागच्या आठवड्यातच आणलेला. मी तो गुरुजींच्या खांद्यावर टाकला, वाकून पाया पडलो. या वेळी मागून कुणी हाक मारली असती तरी वळलो नसतो.

गुरुजींनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "सुधाकरभाऊ, एक विचारू? खुर्च्याचे पैसे घेतले का मंग त्यानं?"

"नाई घेतले."

"मंग सौदा चांगला झाला," गुरुजी म्हणाले आणि पाणी मागितलं.

बारसं आता परवावर आलं आहे. राजुऱ्याहून तीस माणसं येणार आहेत आणि गुरुजींनी प्रत्येकाला सांगून ठेवलं आहे की जेवणाआधी सुधाकरभाऊंकडे एक पिच्चर पाहायचा आहे. कम्प्युटर इतका सुंदर चालतो आहे की कुठे म्हणून अटकत नाही. मी कालपासून त्याचं झाकण काढून ठेवलं आहे आणि ट्रकच्या रस्त्याकडची खिडकी सताड उघडी टाकली आहे. घुग्घुसच्या धुळीवर माझा विश्वास आहे, पण दोन दिवस फारच कमी पडतात.