शारदेपुढची पेटी

देवाच्या नावाखाली लबाडी पाहिली की मला त्या दिवशी जेवण जात नाही. त्या आश्विनात तसंच झालं. पण ते लिहायचं तर आधी प्रेमदास गुरुजींबद्दल लिहिलं पाहिजे.

गुरुजी आमचे आंजी गावातले शेजारी. जवळच्या लहानशा गावात चौथीपर्यंतची पोरं शिकवायचे. २००२ साली वर्ध्याला दहा दिवसांचं कॉम्प्युटरचं प्रशिक्षण घेऊन आले. शाळेत कॉम्प्युटर नव्हता, वीजही नव्हती. दुसरा कोणी प्रमाणपत्र भिंतीला टांगून मोकळा झाला असता. गुरुजींनी गावभरच्या जुन्या लग्नपत्रिका जमवल्या, कोऱ्या बाजूंवर अक्षरं लिहिली आणि वीस कागदी कीबोर्ड केले.

एकदा ते माझ्या सैंपाकघरात येऊन उभे राहिले. "वहिनी, मी मशीन आहो. तुमी सांगान तेवढंच करीन, जास्तीचं नाई. सांगा, फोडणी कशी देऊ?" मी म्हटलं, मोहरी टाका. त्यांनी थंड, कोरड्या कढईत मोहरी टाकली आणि माझ्या तोंडाकडे पाहत राहिले. मग आधी जाळ, मग तेल, किती, केव्हा थांबायचं, असं एकेक सांगता सांगता मला घाम फुटला. पोरांना हेच शिकवायचं आहे म्हणाले. खेळाचं नाव पडलं 'मंदावहिनीची फोडणी'. आमच्या घरच्यांनी महिनाभर थट्टा केली.

असे अकरा खेळ आणि ते कीबोर्ड एका पत्र्याच्या पेटीत गेले. केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या गावांतल्या सहा शाळांनी पेटी आळीपाळीनं पंधरा दिवस ठेवायची आणि सोबतच्या वहीत लिहायचं: पोरांनी काय केलं, काय फाटलं, नवीन काही सुचलं का. पुढच्या जूनमध्ये गुरुजी निवृत्त व्हायचे होते. आपल्यामागं पेटी फिरत राहावी, एवढंच त्यांना पाहिजे होतं.

तिसऱ्या शाळेत ती अडकली. गावाचं नाव लिहीत नाही. मुख्याध्यापक लक्ष्मणराव. गुरुजी दोनदा सायकलनं गेले. एकदा म्हणे तपासणी आहे, एकदा म्हणे कपाटाची किल्ली नाही. चौथ्या शाळेच्या रक्षाबाई तीन महिने निरोप धाडत होत्या.

नवरात्रात त्याच शाळेच्या शारदोत्सवाला आमच्या भजनी मंडळाला बोलावणं आलं. गुरुजी सोबत आले. पाहतो तर शारदेपुढं चौरंगावर ती पेटी. हळदीकुंकवाची बोटं, झेंडूचा हार, वर नारळ. पोरं दूर रांगेत हात जोडून उभी. आचल नावाची एक चिमुरडी पेटीला हात लावायला वाकली, तर लक्ष्मणरावांनी तिच्या हातावर पट्टी मारली. पूजेच्या वस्तूला विटाळ करते म्हणून. माझ्या हातातले टाळ तिथंच थांबले. लेकराच्या हाताचा विटाळ, आणि तोही शारदेला.

आरती झाल्यावर गुरुजींनी हळूच पेटी मागितली. लक्ष्मणराव छातीशी हात जोडून म्हणाले, "आता कशी देऊ गुरुजी? देवीपुढं मांडली, हलवता येते काय? राहू द्या इथंच. शाळेले बरकत येईन."

गुरुजी देवीला नमस्कार करून मागं सरले. देवाचं नाव निघालं की ते कोणाला उलटून बोलत नसत, आणि लक्ष्मणरावांना ते पक्कं माहीत होतं. मला शेणात पाय पडल्यासारखं झालं.

मी उठले. तबकातल्या अक्षता घेतल्या, पेटीवर वाहिल्या, पुनरागमनाय च म्हटलं आणि पेटी जराशी उत्तरेकडे सरकवली. "झाली उत्तरपूजा. आता हे पोरायचं आहे. न्या गुरुजी."

लक्ष्मणरावांनी आमच्या बायांकडे पाहिलं. मंडळातल्या शकुंतलाबाई म्हणाल्या, "बराबर आहे. आमच्या घरी दसऱ्याच्या वह्या अशाच उचलतो. नाईतं पोरं वर्षभर अडाणीच राह्यतीन." बाया हसल्या.

व्हरांड्यात पेटी उघडली. कीबोर्डांच्या गठ्ठ्याला इथं धाडताना गुरुजींनी नव्यानं बांधलेला दोरा, तीच गाठ. आणि वहीत मात्र या शाळेची चार पानं भरलेली, एकाच शाईत, एका बैठकीत. पंधरा तारखांत दोन सुटीचे रविवारही. 'विद्यार्थ्यांनी आनंदाने सहभाग घेतला.' माझ्या खेळापुढं लिहिलं होतं, 'छत्तीस विद्यार्थ्यांनी वरणास फोडणी दिली. चव सर्वांस आवडली.' खेळात वरण कुठून आलं?

लक्ष्मणरावांनी पेन पुढं केला. सुस्थितीत मिळाली असं लिहून द्या म्हणाले. गुरुजींनी सावकाश लिहिलं: 'पेटी सुस्थितीत मिळाली. एकाही मुलाचा हात लागलेला नाही.'

"काऊन असं लिहून राह्यले गुरुजी? वही साहेब पाह्यतीन."

"साहेबासाठी नाई लिहिलं," गुरुजी म्हणाले. "पुढच्या शाळेनं वाचलं पाह्यजे."

त्यांना असं उलटून बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं. पेटी कॅरिअरला बांधून ते थेट रक्षाबाईंच्या गावी गेले.

पंधरा दिवसांनी वही घेऊन आले आणि पोथी वाचावी तसं मला वाचून दाखवलं: तीन कीबोर्ड फाटले, एक बकरीनं खाल्ला, फोडणीवरून दोन पोरी भांडल्या, आता त्या चुलीऐवजी नांगर चालवायचा खेळ बसवत आहेत. गुरुजी फाटक्यांच्या जागी नवीन कीबोर्ड लिहीत बसले.

दिवाळीनंतर तालुक्याकडून लक्ष्मणरावांना उत्कृष्ट शैक्षणिक साहित्याचं प्रशस्तिपत्र मिळालं. त्या चार पानांवरून केलेला तपासणीचा अहवाल आधीच वर गेला होता. गुरुजींनी बातमी ऐकली आणि मला विचारलं, घरात आणखी पत्रिका आहेत का. मी उतरंडीमागून काढून दिल्या. माझं तोंड मात्र आज हे लिहितानाही कडू झालं आहे.