विहिरीतला शार्क

माझ्या हातून आयुष्यात गोंधळ पुष्कळ झाले, पण चहा निवायच्या आत सांगून होईल असा एकच आहे. एका कानडी शब्दापायी मी विहिरीत गेलो. पडलो नाही हं. लोकांनी टाळ्या वाजवून, मानानं उतरवलं.

तेव्हा मी बंगळूरला अगदी नवा. साताऱ्याहून सरकारी कारखान्यात ड्राफ्ट्समन म्हणून आलो होतो आणि मल्लेश्वरमला व्यंकोबाअण्णांच्या मागच्या खोलीत राहत होतो. अण्णांचं घराणं मराठी, पण पिढ्यानपिढ्या इथलं. भातात खडा लागावा तसं त्यांच्या मराठीत मधूनच कानडी लागायचं. "स्वल्प थांब रे", "सरी, आता जेवून घे", असं.

त्या वर्षी गल्लीच्या गणपतीसाठी मी मान हलवणारा लाकडी हत्ती केला होता. तो बघून अण्णा खूश. एक दिवस म्हणाले, "चिकपेटेत आपले नंजप्पा शेट्टी आहेत बघ, साड्यांचे व्यापारी. ते सिनेमा काढतायत. बुडालेलं जहाज, खजिना शोधणारे पाणबुडे आणि शार्क मासा. शार्कच्या कामाला माणूस हवाय. मी तुझं नाव सांगून आलो."

शार्कचं काम! मी हत्ती केला होता, शार्क काय अवघड? जबडा उघडायला दोन स्प्रिंगा, शेपटीला एक बिजागरी. रात्रभर माझ्या डोक्यात आराखडेच पोहत होते.

चिकपेटेत अण्णांनी मला शेट्टींच्या दुकानात सोडलं आणि स्वतः पलीकडे सुपारी घ्यायला गेले. इथंच घोळ झाला. शेट्टींना मराठी येत नव्हतं, मला कानडी येत नव्हतं आणि इंग्रजी दोघांनाही जेमतेम.

शेट्टींनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "ईजु बरुत्ता?"

मी ऐकलं 'ईझी'. काम सोपं वाटतंय का, असं विचारत असणार. म्हटलं, "ईझी, ईझी. व्हेरी ईझी."

मग ते मोडक्यातोडक्या इंग्रजीवर आणि हातवाऱ्यांवर आले. "पाण्याखाली किती वेळ?"

"तुम्ही म्हणाल तितका वेळ. अर्धा दिवस ठेवा."

शेट्टींनी हातातलं पान खाली ठेवलं. "मग हवा?"

"पोटात आधीच भरून ठेवायची."

"आणि अंगाला काही लावायचं?"

"ग्रीस. भरपूर लावायचं, नाहीतर सांधे धरतात."

"काही मोडलं तर?"

"तिथल्या तिथे खिळा ठोकायचा आणि पुन्हा पाण्यात सोडायचं."

शेट्टी उठले आणि त्यांनी मला दोन्ही हात जोडले. मला वाटलं, कारागिराची कदर असलेला माणूस दिसतोय.

ठरल्या दिवशी अण्णांबरोबर मी पाने, हातोडी आणि ग्रीसचा डबा घेऊन गावाबाहेरच्या एका आमराईत पोचलो. तिथं पायऱ्यांची भली मोठी विहीर होती. तोच समुद्र. एका भिंतीला प्लायवुडचं अर्धं जहाज टेकवलं होतं. कॅमेऱ्यापुढे काचेच्या पेटीत चार रंगीत मासे सोडले होते, म्हणजे सगळं पाण्याखालचं वाटावं. आणि शेजारी शार्क तयारच होता. बंगळूरच्याच शिवाजीनगरातल्या कुठल्याशा कारखान्यात केलेला, पोटात मोटारीच्या ट्यूब आणि वरून राखाडी कॅनव्हास.

मी म्हटलं, "मग माझं काय काम?"

उत्तरादाखल एकानं माझ्या हातात चड्डी आणि पाणबुड्याचा चष्मा ठेवला आणि दुसऱ्यानं माझ्याच डब्यातलं ग्रीस माझ्या पाठीला चोपडायला सुरुवात केली. तेव्हा कुठं सुपारी चघळत उभ्या असलेल्या अण्णांना मी विचारलं, "अण्णा, ईजु म्हणजे काय हो?"

"पोहणं," अण्णा म्हणाले. "का रे?"

साताऱ्यात मी बादलीतल्या पाण्यालाही जपून असायचो. धावत दिग्दर्शकाकडे गेलो. तो मद्रासचा. हात हलवून त्याला सांगितलं, "सर, नो स्विमिंग. नो स्विमिंग."

"करेक्ट," तो म्हणाला. "नो स्विमिंग. फर्स्ट यू सिंक."

मी शेट्टींकडे वळलो. ते विहिरीच्या काठावर डोळे मिटून उभे होते. अण्णा हळूच म्हणाले, "भावांनी त्यांना वेड्यात काढलंय रे. कॅमेरा संध्याकाळच्या गाडीनं मद्रासला परत जायचाय. आज झालं तर सिनेमा, नाहीतर जन्मभर हसू."

आता तुम्हीच सांगा, काय करणार? ज्या माणसानं आपल्याला हात जोडले, त्याचं हसू आपल्यामुळे व्हायचं? मनाशी पक्कं ठरवलं. उतरायचं. शिवाय बुडणं हे काही पोहण्याइतकं अवघड नाही, तेवढं आपल्याला जमेल. अण्णांनी कमरेला दोर बांधला, लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि मी एकेक पायरी उतरलो.

शेवटची पायरी कधी संपली ते कळलंच नाही. नाकातोंडात पाणी, कानात नगारे. इतक्यात समोरून दात विचकत शार्क आला, दोरीनं ओढलेला. आतल्या ट्यूबमुळे तो छान तरंगत होता. मी त्याला मिठी मारली. अशी मिठी मी त्यानंतर बायकोलासुद्धा मारली नाही.

वरून आरडाओरडा सुरू झाला, "चुच्चु! चुच्चु!" हा एवढा शब्द मला सकाळीच शिकवला होता. भोसक. माझ्या कमरेला सुरा होता आणि गोष्टीप्रमाणे मी शार्कला मारायचं होतं. पण ज्याच्या पोटातल्या हवेवर आपला जीव टिकलाय, त्याला भोसकायचं कसं? मी सुरा सोडून दिला आणि दुसरा हातही त्याच्या गळ्यात टाकला.

त्यांनी मला वर काढलं, पाणी ओकू दिलं आणि विचारलं, पुन्हा? मी म्हटलं, पुन्हा. दिवसभर मी बुडत राहिलो. माघार घेतली नाही. फक्त शार्क सोडला नाही. शेवटी ट्यूबच फुस्स झाली आणि तो बिचारा माझ्या मिठीतून तळाला गेला.

मद्रासला दिग्दर्शकानं फिल्म पाहिली तर प्रत्येक दृश्यात आमची गळाभेट. मग त्यानं गोष्टच बदलली. आता शार्क हा बुडालेल्या कप्तानाचा इमानी मासा, जो पाणबुड्याला वाचवताना स्वतःचा जीव देतो.

सिनेमा शिवाजीनगरला लागला. शार्क तळाला गेला तेव्हा सगळं थिएटर मुसमुसत होतं. शेट्टींचे भाऊसुद्धा. माझा चेहरा मात्र साऱ्या सिनेमात कुठं चष्म्यामागे, कुठं शार्कच्या कल्ल्याखाली.

बाहेर आल्यावर अण्णांच्या पत्नी पद्माक्का डोळे पुसत म्हणाल्या, "मासा गुणी होता हो. पण त्या भित्र्या बुळ्यासाठी त्यानं जीव का दिला? आणि काय रे, तू कुठं दिसला नाहीस?"

अण्णा तोंड उघडणार, एवढ्यात मी घाईघाईनं म्हणालो, "अक्का, मी शार्कच्या आत होतो."

दुसऱ्या दिवसापासून मल्लेश्वरमातले लोक रस्त्यात थांबवून माझं कौतुक करू लागले, मरताना काय डोळे फिरवलेस म्हणून. मी मान खाली घालून थँक्यू म्हणायचो.