प्रगतशील बागायतदार

न्हावऱ्याच्या संपतचा कुणावर म्हणून विश्वास नव्हता. डेअरीवर फॅट लागताना मशीनचा आकडा तो स्वतः वाकून बघायचा आणि तरी घरी येऊन बायकोला सांगायचा, "आज बी मारलं." दोन गायी, अडीच एकर कांदा आणि एकुलती एक अक्षदा, एवढाच त्याचा पसारा.

अक्षदा शिरूरच्या शाळेत सातवीत होती. त्या शाळेत पालकाची ऐपत बघून फी ठरते, चार टप्प्यांत. संपत आजवर सगळ्यात खालच्या टप्प्यात होता. यंदा चिठ्ठी आली ती थेट तिसऱ्या टप्प्याची, फी तिपटीच्या वर. पंधरवड्यात भरा, नाहीतर पोरीचा दाखला घेऊन जा.

"कुणीतरी चहाडी केली," संपत म्हणाला. ते कुणीतरी त्याला शोधावंही लागलं नाही. बांधाला बांध लागून असलेला चुलतभाऊ हौसराव. त्याचा ज्ञानेशही त्याच शाळेत. मग आठ दिवस संपत त्याच्याकडे पाठ करूनच कांद्याला पाणी देत होता. हौसरावच्या बायकोनं वाटीभर कालवण पाठवलं, तर हा बायकोला, सविताला म्हणाला, "आपल्या घरात काय शिजतंय ते बघाया धाडलंय."

शेवटी रविवारच्या पालकसभेत तो भांडायलाच गेला. मुख्याध्यापिकाबाईंनी फाईलमधून एक लग्नपत्रिका काढली. पुतणीच्या लग्नाची. निमंत्रकांत छापलं होतं, 'प्रगतशील बागायतदार व दूध उद्योजक श्री. संपतराव'.

"ही तुम्हीच दिलीत ना आम्हाला, पेढ्यांसकट?"

संपतचा चेहरा पडला. दिली होती. वर नुसतं नाव छापलं तर मांडवात पाय ठेवणार नाही, असं रुसून ती पदवीही त्यानंच घालून घेतली होती. आमच्याकडच्या पत्रिकेत बिनपदवीचा माणूस औषधालाही सापडायचा नाही, पण बाहेरगावच्या बाईंना हे कोण सांगणार?

"ऐपत नाही असं तुमच्या शेजारच्या एका पालकाकडून लिहून आणा," बाई म्हणाल्या. "उद्या सकाळपर्यंत. नंतर माझ्या हातात काही नाही."

वस्तीवर असा पालक एकच होता.

हौसराव गोठ्यात धार काढत होता. कागद वाचून त्यानं हात पुसले, उंबऱ्यावर टेकला आणि सही केली. एक शब्द वाकडा नाही. संपतला इतकं ओशाळल्यासारखं झालं, की आठ दिवसांचं सगळं सांगून मोकळं व्हावं. तेवढ्यात हौसरावनं खिशातून तसलाच दुसरा कागद काढला. पत्रिकेत त्याचंही नाव होतं, तसंच सजवून.

"आमची बी वाढलीय रं. माझ्यावर तू कर."

संपतनं पेन उघडलं. पण नजर गेली ती पत्र्याखालच्या ट्रॅक्टरवर, आणि जन्माची खोड उफाळून आली.

"दादा, ह्यो ट्रॅक्टर नक्की कुणाच्या नावावर हाय?"

हौसरावनं त्याच्या हातातले दोन्ही कागद घेतले, घडी घातली आणि खिशात ठेवले.

"धार राहिलीय माझी," म्हणाला आणि गोठ्यात गेला.

घरी अक्षदा दारातच उभी होती.

"केली का काकांनी सही?"

"केली हुती," संपत म्हणाला.