खांद्याला झेपेल ते काडतूस

काकूंचा फोन आला तेव्हा मी मीटिंगमध्ये होते. कॅमेरा बंद करून उचलला. "अगं, काका गेले," म्हणाल्या. सकाळी चहा घेतला, जरा पडतो म्हणाले आणि उठलेच नाहीत. त्याला आता सात आठवडे झाले. दिगूकाकांवर लिहायचं म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर आधी एक हरिण येतं. येऊ दे. लाजायचं वय गेलं माझं.

जर्सी सिटीची नोकरी सोडून देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, बॉथेलला आले तेव्हा मी त्यांच्या घराचं बेसमेंट भाड्यानं घेतलं होतं. काका मूळचे चंद्रपूरचे, इथे पुलांची कामं करून रिटायर झालेले इंजिनियर. दर ऑक्टोबरला डोंगर ओलांडून ओकानोगनच्या रानात जायचे, एक हरिण मारायचे, आणि काकू त्याचा सावजी रस्सा करायच्या. मी पुण्याची, तिखटाला भित्री. पहिल्याच घासाला नाकाडोळ्यांतून पाणी आलं, तरी दोनदा वाढून घेतलं. "बाप्पा! खाते तर दाबून," काका म्हणाले, "मग एकदा सोबत चल की. आपण खातो ते येतं कुठून, पाहा तरी." सिटिझनशिप मिळाली त्या वर्षी मी खरंच शिकारीचा कोर्स केला.

मग प्रश्न आला रायफलचा. म्हणजे खरं तर काडतुसाचा, कारण आधी काडतूस ठरवायचं आणि मग ते चालेल ती रायफल घ्यायची. काकांनी दोन वाक्यांत निकाल लावला होता. "हरिणाला थ्री-झिरो-एट पुष्कळ झालं. नाही तर माझ्यासारखी सेवन एमएम-झिरो-एट घे, खांद्याला धक्का कमी बसतो." पण मी डेटावाली ना! मी शीट केलं. गोळीचं वजन, वेग, तीनशे यार्डांवर उरणारी ताकद, गोळी किती खाली येते, सगळे कॉलम. खांदा नावाचा कॉलम तेवढा नव्हता. आमच्या घरी शाळेचे बूट कायम एक नंबर मोठे घ्यायचे, आणि तिघांच्या घरात कुकर पाच लिटरचा. एकदाच घ्यायची तर मोठीच घेऊ, या हिशेबानं मी तीनशे मॅग्नम या दांडग्या काडतुसाची रायफल घेऊन आले. काकांनी ते बोटाएवढं लांब काडतूस हातात फिरवून पाहिलं. "काऊन गं, ओकानोगनला हत्ती येणार हाय का?" पण घेऊन झाली होती.

नेमबाजीच्या रेंजवर पाचव्या गोळीला माझा खांदा जांभळा पडला. डोळ्यांत पाणी, कानात घूं... रायफल गुंडाळली आणि घरी आले. काकांनी विचारलं, "किती झाडल्या?" मी बेधडक सांगितलं, "चाळीस. मस्त आहे एकदम." का खोटं बोलले? एवढं शीट करून घेतलेली वस्तू झेपत नाही, हे कबूल करायला जीभ रेटेना, दुसरं काय!

ऑक्टोबरात ओकानोगनच्या उतारावर, जेमतेम दीडशे यार्डांवर नर उभा राहिला. पूर्ण कूस आमच्याकडे. काका कानाशी पुटपुटले, "पुढच्या पायाच्या मागे. सावकाश." आणि ट्रिगर दाबायच्या आत धक्क्याच्या भीतीनं माझे डोळे मिटले, खांदा आपोआप झटकला. गोळी मागच्या मांडीत लागली. हरिण लंगडत झाडीत शिरलं. मी धावायला निघाले तर काकांनी दंड धरून खाली बसवलं. पाठलाग केला तर ते आणखी लांब पळेल, म्हणून थांबायचं असतं. ते अर्धा तास वाट बघणं मी जन्मात विसरणार नाही. त्यात मी सगळं सांगून टाकलं... पाच गोळ्या, जांभळा खांदा, सगळं. काका रागावले असते तर बरं वाटलं असतं. ते रक्ताचे थेंब शोधत वाकून चालत राहिले, दुखऱ्या गुडघ्यानं, दोन तास. हरिण सापडलं तेव्हा स्वतःची रायफल माझ्या हातात दिली. "आता हिनं मार. तूच संपव." त्या रायफलचा धक्का मला जाणवलासुद्धा नाही. हरिण जागच्या जागी पडलं. काकांनी टोपी काढली. मी तिथेच बसून हमसून हमसून रडले आणि म्हटलं, बस, पुन्हा नाही. ते म्हणाले, "सोडायचं तर खुशाल सोड. पण हे असं अर्धवट शिकून सोडू नको."

मी मॅग्नम विकली आणि सेवन एमएम-झिरो-एट घेतली. त्या हिवाळ्यात दर शनिवारी काका मला रेंजवर न्यायचे. रायफल तेच भरून द्यायचे, कधी खऱ्या काडतुसानं, कधी नकली. कुठलं आहे ते मला कळायचं नाही. नकली निघालं आणि तरी धक्क्याच्या भीतीनं नळी खाली झुकली की काका नुसते "हं" म्हणायचे. फेब्रुवारीपर्यंत ते "हं" बंद झालं. पुढल्या चारही ऑक्टोबरांत मी एकेकच गोळी झाडली, आणि एकही हरिण चार पावलांपलीकडे गेलं नाही. काका शेजारी दुर्बीण घेऊन बसायचे. स्वतः मात्र मारायचे नाहीत. गुडघा, म्हणायचे.

गेल्या रविवारी काकूंकडे गेले होते. एवढी वर्षं मनात सलत होतं ते बोलून टाकलं, की त्या पहिल्या हरणाला मी हाल करून मारलं.

काकूंच्या हातातलं सुपारीचं भांडं तसंच राहिलं. "तू? ते तर म्हणाले, पहिली गोळी त्यांची वाया गेली, दुसरी तुझी."

"काय?"

"अगं, मांस मी साफ करत होते. मांडी नासलेली मला दिसणार नाही होय? विचारलं तर म्हणाले, हात हलला माझा. एवढी बोलले मी त्यांना! नजर गेली म्हटलं, डोळे तपासायला ओढत नेलं. आणि शपथ घातली माझी, की यापुढे मुक्या जिवावर बंदूक उचलायची नाही." काकूंनी भांडं खाली ठेवलं. "एका शब्दानं बोलले नाहीत. शपथ पाळली, शेवटपर्यंत."

माझ्या एका थापेपायी त्या माणसानं आयुष्यभराची शिकार सोडली होती, आणि मी त्यांच्या शेजारी बसून चार वर्षं त्यांच्या गुडघ्याची कीव करत होते. काकू, मला माफ करा, असं काहीतरी मी म्हणाले असेन.

"माफी कसली, वेडे! दर वर्षी घरी यायचे, बूटही न काढता स्वयंपाकघरात यायचे आणि मला सांगायचे, आज एकाच गोळीत पाडलं. चेहऱ्यावर हसू मावायचं नाही. मी म्हणायची, मारलं तिनं, तुम्ही काय एवढे खूश?"