घरात कुणीच न घेतलेलं नाव

कोलशेतहून परतताना बैलांची दमणी उलटली आणि आमच्या ह्यांचं डोकं दगडावर आपटलं. जखम महिन्याभरात भरली. डॉक्टर म्हणाले, "आता बरे आहेत." बरे कसले! तांब्याला जोडा म्हणत, धोतर नेसता नेसता मधेच थांबत, आणि नाव विचारलं की भिंतीकडे बघत बसत.

ठाण्याच्या कचेरीतली त्यांची जागा साहेबानं दिवाळीपर्यंत राखली होती. मग समोर उभं राहून स्वतःचं नाव सांगायचं, सही करायची. नाही जमलं तर जागा जायची.

घरात सासूबाई घास भरवत, धाकटे दीर धोतर नेसवत. माझा नुसता संताप व्हायचा. धडधाकट माणसाचं तान्हं मूल करून ठेवलं होतं! मी पानाचा डबा त्यांच्यापुढे सरकवला. चुना, कात, सुपारी, मग घडी. चुकले की पुन्हा पहिल्यापासून. सासूबाई मला कसाई म्हणाल्या. दोन महिन्यांनी ह्यांनी न चुकता विडा लावला आणि माझ्या हातावर ठेवला.

पण नाव कुणी शिकवायचं? अक्षरं त्यांना अजून लागत नव्हती. बायकोनं नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, आईनं थोरल्या मुलाचं घ्यायचं नाही, धाकट्या भावानं दादाच म्हणायचं. शेजाऱ्यांना सांगावं तर घरची गोष्ट चव्हाट्यावर येईल, म्हणून दिरांनी तेही अडवलं. भरल्या घरात त्या नावाला एक तोंड मोकळं नव्हतं! मी सासूबाईंचे पाय धरले.

"अगं, आयुष्य कमी होतं त्याचं," त्या म्हणाल्या. "देव देईल आठवण करून."

देवाला दुसरी कामं नव्हती जशी काही!

त्याच दुपारी मी माजघराचं दार लावलं आणि ह्यांच्या तोंडावर त्यांचं नाव घेतलं, सासऱ्यांच्या नावासकट, आडनावासकट. पहिल्यांदा जीभ अडखळली, मग नाही. "म्हणा," मी म्हटलं. ते म्हणाले, विसरले, पुन्हा म्हणाले. बाहेर सासूबाई कपाळ बडवून घेत होत्या. मी दार उघडलं नाही. दिवाळीपर्यंत रोज दुपारी हेच चाललं, जोडीला जुन्या कागदावरची त्यांची सही गिरवून घेणं.

कचेरीत ह्यांनी नाव सांगितलं. सही वाकडी आली, पण आली. सासूबाईंनी देवीची ओटी भरली.

पुढे अकरा वर्षं त्यांनी नोकरी केली आणि पटकीच्या साथीत गेले. अजून उचललंही नव्हतं, तोच सासूबाई माझ्याकडे बोट दाखवून ओरडल्या, "हिनं नाव घेतलं! हिनं खाल्लं माझ्या मुलाला!" घर माणसांनी भरलं होतं. दीर खाली मान घालून उभे होते. त्या नावावर अकरा वर्षं जेवलेल्यांपैकी एकाच्याही तोंडून शब्द फुटला नाही.

मी उठले, ह्यांच्या उशाशी बसले आणि सगळ्यांदेखत त्यांना नावानं हाक मारली.